तिसऱ्याची खाच

‘ढकल रे, ओढू नको. जाताना कापते ती, येताना रिकामी येते.’

हाताला काम शिकवणाऱ्या धाकू मिस्त्रींचा हा आवाज चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचा, मिऱ्याच्या धक्क्यावरचा, डिझेलच्या आणि सुकटीच्या वासात मुरलेला. तो कानात आला तसा गोपाळकृष्णांनी कानशीचा कोन बदलला आणि व्हाइसमध्ये आवळलेल्या प्लेटवर आणखी चार हात मारले. फुंकर घातली. लोखंडाचा कीस अंगणात उडाला. मग प्लेट सोडवून ते गाडीत शिरले, ती गियरच्या दांड्याभोवती बसवली, चारही स्क्रू पिळले आणि इंजिन बंद असतानाच एकेक गियर टाकून पाहिला. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला.

ते हसले. किल्ली फिरवली, गाडी फाटकाबाहेर काढली आणि समोरच्या चढावर घेतली. अर्ध्या चढावर तिसरा टाकला. दांडा प्लेटच्या कडेवर खट्ट करून आपटला, क्षणभर तिथेच कुरकुरला आणि उडून बाहेर आला. इंजिन मोकळंच ओरडायला लागलं. ब्रेकवर पाय दाबून गोपाळकृष्ण नुसते बसून राहिले. कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला, तर हाताला काळं लागलेलं. ते कपाळावर गेलं.

ही तिसरी प्लेट होती आणि दुखणं तेच होतं.

गाडी तेवीस वर्षांची, त्यांच्या बायकोची, मालिनीची. पालीच्या शाळेत ती गणित शिकवायची तेव्हा घेतलेली. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी ती एकटी पालीला जायची. तिथे तिची थोरली बहीण आनंदीबाई अंथरुणाला खिळून होती. तिचे केस विंचरायचे, तिला दोन घास भरवायचे, गावातल्या चार गोष्टी सांगायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. गोपाळकृष्ण सोडायला तयार असत, पण तिला ते नको असे. गाडीत मी माझ्याशी बोलत जाते, असं ती एकदा म्हणाली होती.

श्रावणातल्या एका गुरुवारी फाटकातून निघतानाच गाडी डाव्या कोपऱ्यानं कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली. दिवा फुटला, पत्रा आत गेला. गोपाळकृष्ण धावत बाहेर आले आणि शेजारच्या चार माणसांदेखत बोलून गेले, की मागे घ्यायची होती ना, मग रिव्हर्सऐवजी दुसरा टाकलास, एवढ्या वर्षांत गियर कळू नये? मालिनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून ती गाडीत बसली नाही. आनंदीबाईंकडे दोनदा गेली, तीही यांच्या शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून, परकी असल्यासारखी.

पुण्याहून मुलीनं, ऋजुतानं सुचवलं की आईला ऑटोमॅटिक गाडी घ्या. मालिनी म्हणाली, नको. त्या ‘नको’नं गोपाळकृष्णांना उगीच आपलं बोलणं आठवलं आणि ते कामाला लागले. हात चुकतो ना, मग हाताला चुकायला जागाच ठेवायची नाही. प्लेटमध्ये प्रत्येक गियरला आपली गल्ली कोरलेली; दांडा त्या गल्लीतूनच जाणार, रिव्हर्सच्या वाटेत दांडा वर उचलूनच ओलांडायचा अडसर. परदेशातल्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असायचं तसं. एकदा ते बसलं, की मालिनी पुन्हा एकटी पालीला जाईल.

पण बसेल तर ना. पुठ्ठ्यावर दांड्याच्या खुणा घेतल्या, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दर्शनच्या वर्कशॉपमधून प्लेट कापून आणली. पहिल्या प्लेटची खाच अरुंद झाली म्हणून घासली, घासता घासता सैल झाली. दुसऱ्या प्लेटला वेल्डिंग भरून पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी दर्शननं ती उजेडात धरून पाहिली.

“काका, ही प्लेट हाय की चाळण?”

“तू काप. बाकी माझं मी बघतो.”

मासे घेऊन येणारी हौसा तर रोज फाटकाशी पाटी उतरवून बघत उभी राहायची. त्या दिवशी गाडीच्या पोटातून गोपाळकृष्णांचे नुसते पाय बाहेर होते.

“दादानू, दात काढताव की बसवताव तिचा?”

मालिनी ओट्यावरून हसली. गोपाळकृष्णांना ते हसू लागलं. कुणासाठी चाललंय हे सगळं, असं जिभेवर आलं होतं. त्यांनी पाना जोरात आवळला आणि नटाच्या कडा गेल्या. मग पान्यालाच शिव्या दिल्या.

आता चढावरून गाडी उलटी उतरवून त्यांनी अंगणात आणली आणि दार असं आपटलं, की सुपारीवरचे पक्षी उडाले. मालिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप अगदी तोंडाशी धरून, बोटांनीच खडा चाचपून.

“परत निघाला?”

“निघाला. बंद गाडीत पडतो, चालू गाडीत पडत नाही. आता देव यायला हवा खाली.”

दोन खडे तिनं अंगणात टाकले.

“चढावर ती मागे रेलते,” ती म्हणाली.

“कोण?”

“गाडी. म्हणजे इंजिन असेल. चढाला जोर दिला की दांडा अर्धं बोट मागे येतो. मला हाताला लागायचं. मी तिसरा थोडा अलीकडेच टाकायचे.”

गोपाळकृष्ण तिच्याकडे बघत राहिले. मिऱ्याला सगळं आयुष्य त्यांनी होड्यांची इंजिनं बसवली होती. होडीचं इंजिन लाकडाच्या तुळयांवर बोल्टांनी जखडलेलं असतं. समुद्र हलेल, ते हलत नाही. गाडीचं इंजिन रबरावर बसतं, आणि तेवीस वर्षांचं रबर जोर आला की म्हाताऱ्या माणसासारखं मागे टेकतं. त्यांनी तिन्ही वेळा खुणा घेतल्या त्या गाडी बंद ठेवून. एवढी साधी गोष्ट. महिनाभर कानस चालवली आणि उत्तर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेलं.

इंजिनाखालचे रबर बदलायला दोन दिवस गेले. मग चढावर गाडी उभी करून, क्लच अर्धा सोडून, इंजिनाला ओढ देत त्यांनी दांड्याच्या नव्या खुणा घेतल्या. दर्शनकडे पुन्हा गेले. या वेळी काकांचं तोंड बघूनच दर्शननं हातातलं काम बाजूला सारलं.

बुधवारी दुपारी चौथी प्लेट बसली. गोपाळकृष्णांनी गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लांबवर नेऊन आणली. चढावर, उतारावर, वळणावर, प्रत्येक गियर आपल्या गल्लीत शिरताना टक्क करून बोलायचा, दाराची कडी बसावी तसा. परत येताना ते एकटेच काहीतरी गुणगुणत होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी गाडी पुसली, फाटकाकडे तोंड करून उभी केली आणि मालिनीला हाक मारली. ती नेसून तयार होती. पर्स हातात होती. ती नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटकडे वळली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं.

“आज तू.”

ती उभी राहिली. मग बसली. गोपाळकृष्ण वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसले. तिनं सीट पुढे ओढली आणि हात दांड्यावर ठेवला. बोटांनी तिनं प्लेटच्या कडा चाचपल्या, जणू कुणाचा चेहरा.

“टाकून बघ. गाडी बंदच आहे.”

तिनं क्लच दाबला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग दांडा उचलून रिव्हर्स. मग उलट्या क्रमानं परत. टक्क, टक्क, टक्क. कुठे अडली नाही, एकदाही खाली पाहिलं नाही. काचेतून समोर बघत होती, समोर नुसतं उघडं फाटक होतं. महिनाभर ज्या हातांनी प्लेट घासली ते हात गोपाळकृष्णांनी मांडीवर उताणे ठेवले होते, आणि तिचा हात बघता बघता त्यांचं हसू हळूहळू थांबलं. या हाताला गल्ली दाखवायची गरजच नव्हती. प्लेट नसती तरी तो असाच गेला असता.

तरी ते म्हणाले,

“बघ. आता चुकणार नाही.”

मालिनीनं दांडा न्यूट्रलला आणला. किल्ली फिरवली नाही.

“हात चुकलाच नव्हता हो.”

“अगं, रिव्हर्सऐवजी दुसरा...”

“ते तुम्ही म्हणालात. चार माणसांत म्हणालात, तेव्हा मला ते बरंच वाटलं. गियर चुकला म्हटलं की माणसं दोन दिवस हसतात आणि विसरतात.” ती थांबली. “मला मागे घ्यायचीच नव्हती. मी पुढेच निघाले होते. पहिलाच टाकला होता.”

फाटकाबाहेरून कुणाची तरी स्कूटर गेली. तिचा आवाज चढापर्यंत ऐकू आला.

“आनंदीताईच्या डॉक्टरांना दाखवले होते डोळे, आषाढात. काचबिंदू म्हणाले. डावा गेलाय, उजव्याचंही कडेचं जात चाललंय. थेंब घालते रोज, तेवढ्यानं आहे ते टिकेल म्हणतात. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही ती प्लेट घेऊन बसलात, आणि कितीतरी दिवसांनी तुम्हाला सकाळी उठायची घाई असलेली पाहिली.”

गोपाळकृष्ण तिच्याकडे वळले. ती वळली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोरच बघत राहिली.

“गडगा मला दिसलाच नव्हता,” ती म्हणाली. “आत्ता तुम्ही शेजारी बसलायत, तेही मला आवाजावरूनच कळतंय.”