बारा टॉवेल आणि एक कागद

मी एक जुना माईक आहे. इतका जुना, की माझ्या जाळीचा चंदेरी रंग लोकांच्या बोटांनी आणि थुंकीने झिजून गेला आहे. हसू नका, मित्रांनो. मंचावर आलात की तुम्ही आधी मला टिचक्या मारता, मग फुंकर घालता आणि मग विचारता, "आवाज येतोय का?" माझ्या आत एक पातळ पडदा आहे. तो आज फाटतो की उद्या, याच काळजीत माझा जन्म गेला.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतं ते नांदेडला वजिराबादेत असलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून विरूपाक्षने मला लातूरला आणलं. एक अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक बॅटरी आणि मी, एवढा त्याचा संसार सायकलवर मावायचा. कर्णा कोणत्या दिशेला बांधला की शिट्टी वाजणार नाही, दबक्या आवाजाच्या माणसासमोर मला किती पुढे सरकवायचं, हे त्याला बरोबर कळायचं. लोकांना मात्र वाटायचं, हा नुसता बटण फिरवतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सडकेच्या कामावर शेकडो माणसं खडी फोडत होती. नावं पुकारून पुकारून मुकादमाचा घसा बसला. मागच्या माणसाला आपलं नाव ऐकू गेलं नाही, तर त्याचा दिवस बुडायचा. गुरम्मा नावाच्या एका बाईचे असे दोन दिवस बुडाले आणि ती खडीच्या ढिगावर बसून रडली. ते पाहून विरूपाक्ष कुणी न बोलावता सेट घेऊन तिथे गेला. पुढे पाच महिने त्याने रोज सकाळी माझ्यासमोर उभं राहून सगळी नावं पुकारली. पाण्याचा टँकर आला की तेही सांगितलं. मुकादमाने पैसे विचारले तेव्हा म्हणाला, "ह्या दिवसात कुणाकडून घ्यायचे?" मित्रांनो, त्या पाच महिन्यांत माझी जाळी धुळीने बुजून गेली होती, पण मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही.

दुष्काळ गेला. फुकटची सवय तेवढी राहिली.

बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, शाळेचं संमेलन असो, "विरूपाक्ष आपलाच माणूस हाय" असं म्हणून बोलावणं यायचं. दोन तासांचे पाच तास व्हायचे. मध्येच सतरंज्या उचल, पाहुण्यांना स्टँडवरून आण, हेही त्याच्याच गळ्यात. शेवटी आभार मानायला उठलेला माणूस माझ्यात तोंड घालून सांगायचा, "विरूपाक्ष यांनी माईकची मोफत सेवा दिली!" टाळ्या पडायच्या. टॉवेल, टोपी आणि नारळ हातात यायचा. एवढ्या लोकांदेखत मोफत जाहीर झाल्यावर पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? आणि ते जाहीर व्हायचं माझ्यातूनच. आभाराची वेळ जवळ आली की मला धास्ती भरायची.

त्याची बायको जगदेवी एकदा टॉवेलांची चळत मोजत म्हणाली, "आवं, अंग पुसायला बारा टॉवेल झाले घरात. आन् न्हायला बादलीभर पाणी न्हाई!"

ब्याऐंशी साली आमचं लातूर जिल्ह्याचं गाव झालं. आता कामासाठी उस्मानाबादचे खेटे घालायला नकोत, म्हणून जो तो खुशीत होता. आमच्या घरात मात्र खुशी नव्हती. पोट भरत नाही म्हणून सेट विकायचा ठरला होता, आणि भोकरचा एक माणूस सोमवारी त्याचा इसार घेऊन येणार होता. जगदेवीचा भाऊ ईश्वरप्पा उदगीरला त्याच्या आडत दुकानात विरूपाक्षला कामाला लावणार होता. मी खुंटीवरून सगळं ऐकत होतो. परक्या हातात गेलो तर माझं काय होईल? आणि पोती मोजताना विरूपाक्षचे कान काय करतील?

रविवारी नव्या जिल्ह्याच्या आनंदाची सभा होती. सभा भरवणाऱ्या समितीचे चिटणीस होते अमृतराव. जगदेवीने कॅलेंडरच्या पानामागे कामाच्या अटी लिहिल्या आणि तो कागद अॅम्प्लिफायरच्या पेटीला सुतळीने बांधला. "ठरवून काम करा," ती म्हणाली. "जमलं न्हाई तर उद्या देऊन टाका त्या भोकरवाल्याला."

सभेआधी विरूपाक्षने अर्धे पैसे मागितले. अमृतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, पळून चाललो का आम्ही? होऊ दे की कार्यक्रम!" विरूपाक्षने मान खाली घातली आणि वायर जोडली. तेव्हाच मी ओळखलं, आपण विकले जाणार.

सात वाजले. अमृतराव टॉवेल आणि नारळ घेऊन आभाराला उठले. माझ्यावर जोराने फुंकले. तेवढ्यात त्यांना पेटीवरचा कागद दिसला आणि त्यांना चेव आला. "ऐका मंडळी, जिल्हा झाला तसे आपल्या माईकवाल्याचे कायदे निघाले!" असं म्हणून ते मोठ्याने वाचू लागले. "पाच ते सात, दोन तास. निम्मे पैसे आधी, निम्मे उठायच्या आधी. सतरंज्या उचलणे, पाहुणे आणणे आमच्याकडे नाही." लोक हसत होते. "माईकवर फुंकू नये." आता लोक अमृतरावांनाच हसले. त्या भरात त्यांनी शेवटची ओळही वाचली. "दुष्काळात पाण्याची आणि कामाची हाळी फुकट. कितीही दिवस."

हसणं थांबलं. बायकांतून गुरम्मा उठली. आता तिचे केस पिकले होते. ती म्हणाली, "खरं हाय त्ये. सडकेवर माझं नाव यानंच पुकारलं व्हतं. तवा चहाबी घेतला न्हाई यानं."

विरूपाक्ष माझ्यासमोर आला. 'हॅलो', दुसऱ्यांची नावं आणि टँकरची हाळी यापलीकडे तो माझ्यात कधी बोलला नव्हता. त्याने मला अमृतरावांसमोरून उचलून हातात घेतलं.

"तवाचं मी दिलं व्हतं," तो म्हणाला. "आजचं हे काम हाय. अमृतराव, कागद तुम्हीच वाचलात, समद्यांनी ऐकलाय. टॉवेल लई झाले घरात. ठरलेले पैसे द्या. सात वाजलेत."

त्याने बटण बंद केलं, मला फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. अंधारात मी एकच विचार करत राहिलो. आता पेटी उघडेल ती लातुरात की भोकरात?

उघडली ती जगदेवीच्या हातांनी. दारात एक अनोळखी माणूस उभा होता. ती त्याला सांगत होती, "सेट इकायचा न्हाई, दादा. काल पैसे घेऊनच उठलेत हे." मग तिने एक कोरा टॉवेल टराटरा फाडला आणि मला त्याची खोळ शिवली.

म्हणून काळजी संपली असं नाही, मित्रांनो. दोन महिने एकही बोलावणं आलं नाही. अमृतरावांनी दुसरा माईकवाला धरला. विरूपाक्ष रोज माझी जाळी पुसायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मग औशाहून हणमंतराव नावाचे एक म्हातारे मुलीच्या लग्नाची सुपारी घेऊन आले. अर्धे पैसे समोर ठेवून म्हणाले, "त्यो कागुद संगं आणा. आमच्या पाव्हण्यायला फुकायची लई खोड हाय."

आता काम नसलं की मी कपाटात असतो. पुढच्या टंचाईतही आम्ही पाण्याची हाळी देत हिंडलो, आणि कागदात लिहिल्याप्रमाणे फुकट दिली.

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा फुंकू नका, नुसतं बोला. मला ऐकू येतं. आणि आभार मानताना 'मोफत' हा शब्द तोंडावर आला, तर जरा थांबा. ज्याने मला तुमच्यासमोर उभं केलं, त्याच्याकडे बघा. तो शब्द त्याचा आहे. तो त्यालाच बोलू द्या.