गुलबानोखालाला बदली नाही

टॉवेलच्या कारखान्यात पाळ्या लावायचं काम सिद्धेश्वरीकडे होतं. लावायचं म्हणजे काय, कुठल्या मागावर कुठला माल आणि कोण कुठल्या पाळीला, हे सगळं आता सॉफ्टवेअरच ठरवायचं. ती माहिती भरायची आणि निघालेला तक्ता भिंतीवर चिकटवायची. लोक मात्र तिच्याच नावानं बोटं मोडायचे.

दिवाळीआधी या सॉफ्टवेअरनं कामावरून कमी करायला जादा माणसं शोधून काढली. त्यात किनार शिवणारी गुलबानोखाला होती. शेजारच्या घरातली, सिद्धेश्वरीला लहानपणी न्हाऊमाखू घातलेली. सिद्धेश्वरीनं गुपचूप खालाच्या नावापुढं भरून टाकलं, की जाड टॉवेलची किनार हिच्याशिवाय कुणाला जमत नाही, हिला बदली माणूस नाही. धादांत खोटं होतं ते. पण सॉफ्टवेअरनं निमूट मानलं आणि खालाची नोकरी वाचली.

मानलं ते जरा जास्तच. घाईची प्रत्येक ऑर्डर खालाच्या गळ्यात पडू लागली, रविवारीसुद्धा. आता तिची लेक गुलनाज पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, आणि खालाची रजा पुन्हा नामंजूर झाली. शेडमध्ये कधी पाय न टाकणाऱ्या मल्लिकार्जुन मॅनेजरनं हात वर केले. सिस्टीमच देत नाही तर मी कुठून देऊ, म्हणाला, आणि स्वतः दुधनीला लग्नाला निघून गेला.

खाला तडक सिद्धेश्वरीच्या टेबलाशी आली. सिद्धेश्वरीनं हळू आवाजात सगळं सांगितलं. लिहिलेलं काढलं तर रजा मिळेल, पण नाव परत जादा माणसांत जाईल.

"काढ," खाला म्हणाली. "नोकरीचं बघू की मागनं. पोरगी एकटी हाय."

सिद्धेश्वरीनं पान उघडलं. सॉफ्टवेअरनं बदलाचं कारण विचारलं. खाली आधीची माहिती भरणाऱ्याचं नाव होतं, तिचं स्वतःचं, आणि हा बदल मॅनेजरकडे जाईल अशी सूचना. तिच्या घरची चूल तिच्याच पगारावर पेटत होती. तिला स्वतःची लाज वाटली, पण माऊसवरचं बोट काही हलेना.

खाला तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तुजीबी नोकरी जाती व्हय गं?"

सिद्धेश्वरीनं होकारार्थी मान हलवली. खालानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, असू दे म्हणाली आणि शेडकडं वळली. ते पान काहीच न बदलता बंद करून सिद्धेश्वरीनं पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावायला घेतल्या.