दुष्काळानंतरचा चारा

"वाढलं गं माय, वाढलं! पुरं सव्वा किलो!"

चांगुणाबाई अंगणात वजनकाट्यावर वाकल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, तसा माझ्या कडेवरचा आठ महिन्यांचा प्रभूही टाळ्या वाजवायला लागला. काट्यावर उभी असलेली माझी नणंद सुकन्या मात्र ओढणी आवळत खाली उतरली आणि आत गेली. दुपारच्या वाटीला तिने हात लावला नाही. संध्याकाळच्याही नाही.

सुकन्या सतरा वर्षांची. तिचं सुरू झालं ते सोमवारच्या उपवासापासून. मग गुरुवार आला, शनिवार आला. पोरगी किती देवाची, म्हणून पार शेजारच्या डोंगरकडा गावापर्यंत कौतुक झालं. उपवास वाढले तसं कौतुक वाढलं, आणि त्या कौतुकात तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या ते कुणी पाहिलंच नाही. मीही नाही. माझं सगळं लक्ष तेव्हा पोटातल्या लेकराकडे. शेवटी विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा नांदेडला नेली. महिन्याने घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, "थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. पुन्हा खाणं सोडलं तर हृदयाला झेपणार नाही. घराबाहेरचं कुणीतरी समजावणारं बघा."

आमच्या गावात खाण्यापिण्याचं शिकवणारं माणूस एकच, अंगणवाडीच्या चांगुणाबाई. अठरा वर्षं गावातली लेकरं तोलत आलेल्या. त्यांच्याजवळ चित्रांचा तक्ता होता तो वर्षाच्या बाळाच्या आहाराचा. तोच बगलेत मारून आल्या.

"लेकराला दिसातून पाच-सहा येळा भरवतोत, तसंच हे. मला येतंय की," म्हणाल्या. आणि खरंच, तीन आठवडे जमलं. वजनाच्या त्या दिवसापर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलावून आणलं. सुकन्या दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. माझे सासरे पुंजाजी, मेंढरं राखणारे सुकन्याचे आबा, तिला नांदेडला न्यायला जीप बघायला गेले होते.

चांगुणाबाई तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. "काहून सोडलं गं?"

"तुमी वरडल्या ना. समद्या गल्लीला ऐकू गेलं, ही फुगून राहिली म्हणून."

चांगुणाबाईंचं तोंड उतरलं. "अगं, वजन वाढलं की वरडायचं, येवढंच शिकले मी. लेकराची माय हसती, मलाबी बरं वाटतं."

"मी लेकरू हाय का?"

"न्हाई. चुकलं माझं."

त्यांनी तक्ता गुंडाळून बाजूला सारला. सुकन्याचा हात हातात घेतला.

"मला मेंढरातलं काय कळत न्हाई बघ. तू आबामागं हिंडलेली. चारा न्हाई भेटला, तर मेंढीचं आधी काय जातं?"

असला प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सुकन्याने मान वर केली. "दूध आटतं."

"मंग?"

"लोकर झडती. वढली की हातात येती." बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या विरळ वेणीकडे गेला आणि तिथेच थांबला. "म्हंजी माझंबी?"

"व्हय. अंग येडं न्हाई गं. काळीज चालू ठेवाया बाकीचं एकेक बंद करतं. केस, पाळी, हातापायाची ऊब. त्याच्यापुढं काय, ते तूच सांग."

"पुढं मेंढी बसती," सुकन्या हळूच म्हणाली. "उठत न्हाई."

"अन् दुष्काळातनं आलेली मेंढी ज्वारीच्या ढिगावर सोडली तर? लवकर सुधरल की."

"मरती!" सुकन्या रागावलीच. "काय बी बोलता बाई! आबा कधी सोडत न्हाईत. मूठ मूठ घालायचं, घडीघडीला. पोट इसरलेलं असतं तिचं."

"फुगतं का?"

"फुगतं की पयल्यांदा. ती काय चरबी नसती. चार दिसानं बराबर व्हतं."

म्हणाली आणि चांगुणाबाईंकडे बघत राहिली. आपल्याच तोंडचं आपणच ऐकत असल्यासारखी.

चांगुणाबाईंनी समजावलं काहीच नाही. मला खुणेने वाटी मागितली. ताकातल्या ज्वारीच्या कण्या होत्या, मऊ शिजवलेल्या. ती वाटी तिच्यापुढे ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मी तुझ्याकडं बघत न्हाई. तू सांगत राह्य. मेंढी रवंथ कधी कराया लागती?"

"ते मेंढीवर हाय," सुकन्या म्हणाली. मीही प्रभूला घेऊन पाठ फिरवली. बाहेर जीप येऊन उभी राहिली. सासरे ओट्यावर चढले, त्यांना मी हातानेच थोपवलं. घर इतकं शांत झालं की वाटीच्या कडेला बोट घासल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"काई काई लई येळ लावत्यात," ती म्हणाली. तोंडात घास होता.

चुलीपाशी सासूबाई तुपाचा चमचा घेऊन उभ्या होत्या. 'घे गं, अजून थोडं' म्हटल्याशिवाय लेकीच्या ताटावरून त्यांचा हात कधी मागे आलेला मी पाहिला नव्हता. त्या पुढे सरकल्या, तशी चांगुणाबाईंनी नुसती मान हलवली. नको.

सासूबाई होत्या तिथेच थांबल्या. पौषाची थंडी होती. चमच्यातलं तूप कडेकडेने थिजत आलं, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.