नवनाथची साईड

आडगावच्या नवनाथला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. एक शब्द त्याला पक्का येत होता आणि त्या एका शब्दावर त्याचा धंदा, करमणूक आणि संसार सुखाने चालला होता. शब्द होता साईड. पहाटे भाजीने भरलेला टेम्पो घेऊन तो मार्केट यार्डाकडे निघाला की मागचे लोक हॉर्न वाजवून साईड मागायचे आणि हा द्यायचा नाही. नाशिकमधल्या द्वारकेच्या चौकात तर समोरून बस येवो, डावीकडून रिक्षा घुसो, हा आपला मधोमध. गाणी संपली की कॅसेटची साईड बदलायची. लग्नाचं भाडं आलं की मुलाची साईड का मुलीची हे आधी विचारून घ्यायचं, कारण जेवणाची पंगत कधी मिळणार ते त्यावर ठरायचं. सर्दी झाली तरी गोळी घ्यायची नाही, साईड इफेक्ट होतो. आणि कुठवर भाडं मारता असं कोणी विचारलं, की छाती पुढे काढून सांगायचं, "आपण सगळ्या साईडला जातो. पेठ म्हणा, कळवण म्हणा."

या शब्दाचा एकच उपयोग त्याने आयुष्यात केला नव्हता. त्याने कधी कोणाची साईड घेतली नव्हती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलची माणसं त्याच्या टेम्पोतून प्रचार करायची, सकाळी एक, दुपारी दुसरं. एका खिशात एकाचं चिन्ह, दुसऱ्या खिशात दुसऱ्याचं. पारावर दोघांची जुंपली आणि कोणी त्याला साक्षीला ओढलं, की तो डोकं खाजवून म्हणायचा, "दोघांचंही बरोबर हाय." त्यामुळे गावात त्याचा शत्रू असा कोणी नव्हता. जवळचा मित्र म्हणावा असाही कोणी नव्हता, पण हे काही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

घरात माणसं तीन. तो, त्याची आई सगुणाबाई आणि बायको तेजल. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्नाला दोन वर्षं होईपर्यंत या घरात नवनाथचं बरं चाललं. भाजीत मीठ जास्त पडलं असं आई म्हणाली, की तो म्हणायचा बरोबर हाय. कमीच पडलंय असं बायको म्हणाली तरी तेच. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि हा हात धुऊन टेम्पोखाली शिरायचा. टेम्पोखाली त्याला नेहमीच काहीतरी काम असायचं.

मग ओसरीचं प्रकरण निघालं. तेजलला शिवण येत होतं, चांगलं येत होतं. तिच्या बापाने लग्नात दिलेली मशीन आतल्या अंधाऱ्या खोलीत कपडा पांघरून पडली होती. तिचं म्हणणं एवढंच, की मशीन ओसरीवर आणायची. तिथे उजेड आहे, रस्त्यावरून दिसते, पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायला बायका येतील, साईड बिझनेस होईल. सगुणाबाईचं म्हणणंही एवढंच होतं, की ओसरी तिची. तिथे बसून ती आजवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत आली होती. तिथे वारा लागतो, पाला सुकत नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलता येतात. ओसरी जेमतेम एका बाजेपुरती. मशीन आणि मेथी एकत्र बसणं शक्यच नव्हतं, कारण ओल्या मातीने ब्लाउज खराब झाले असते. दोघींनी नवनाथला विचारलं. त्याने नेहमीचं उत्तर दिलं आणि स्टेपनी तपासायला बाहेर गेला.

तेव्हापासून तेजल त्याच्याशी भांडायची थांबली. वाढायची, कपडे धुवायची, विचारलं तेवढं बोलायची. नवनाथला वाटलं, मिटलं. शहाणी माणसं ज्याला घाबरतात त्याने हा खूश झाला.

एप्रिल संपत आला, आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया; पण कळवण साईडला तो लेकीबाळींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात, आंब्याचा रस खातात. तेजलला न्यायला तिचा भाऊ महेश आला. पिशवी उचलताना ती नवनाथला म्हणाली, "आखाजी झाल्यावर घ्यायला या. पण ठरवून या, तुम्ही कोणाच्या साईडला ते. आईंच्या असाल तरी चालेल. तोंडानं सांगा, मी ऐकून घेईन. पण तेच दोघींचं बरोबर म्हणणार असाल तर मी काही येणार नाही. मशीन तेवढी पाठवून द्या."

ती रागाने बोलली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली होती. तेजल त्याला आवडत होती. टेम्पो यायला उशीर झाला की ती रस्त्यापर्यंत यायची, हे त्याला फार आवडायचं. ते गेले कित्येक दिवस बंद झालं होतं, हे त्याला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईही माहेरी निघाली. लेक म्हातारी झाली म्हणून आखाजीला माहेर सुटत नाही. गंमत अशी, की तिचं माहेर आणि तेजलचं माहेर ही एकाच नदीच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका गौराई बोळवायला नदीवर येतात आणि आपापल्या काठावर उभ्या राहून पलीकडच्यांना गाण्यातून शिव्या घालतात. यात कोणी रागवायचं नसतं. त्यांच्या पोळ्या जाड, त्यांचे नवरे ऐदी, त्यांच्या म्हशी आटलेल्या, असं सगळं तालात म्हणायचं, अधूनमधून ढेकळं फेकायची आणि मोकळं होऊन घरी जायचं. असल्याच एका आखाजीला सगुणाबाईने पलीकडच्या काठावर एका पोरीचा आवाज ऐकला होता. त्या पोरीने सगुणाबाईच्या अख्ख्या भावकीला एका दमात झोपवलं होतं. सगुणाबाई घरी आली आणि म्हणाली, सून करीन तर हीच. म्हणजे भांडणारी सून तिने स्वतः निवडून आणली होती, तक्रार करायला तिला जागाच नव्हती.

घरी एकटा राहिलेला नवनाथ आखाजीला रस-पोळीऐवजी शेव-मुरमुरे खाऊन विचार करत बसला. आईची बाजू घ्यावी तर तेजल जाणार. तेजलची घ्यावी तर आई, जिने त्याला एकटीने वाढवलं, ती म्हातारपणी ओसरीवरून उठणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेम्पो काढला, दिंडोरी, वणी करत कळवणकडे निघाला, आणि सबंध वाटेत त्याला एकच हुशारीची गोष्ट सुचली. आज दोघी नदीवर असणार. नदीत उन्हाळ्याचं पाणी नाही. आपण कोणाच्याच घरी न जाता थेट पात्रात जायचं, दोघींना सारखं अंतर पडेल असं उभं राहायचं आणि दोघींना घेऊन यायचं. आधी कोणाकडे गेला, हा प्रश्नच नको.

आता त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल, की त्या दिवशी पुरुषाने नदीकडे फिरकायचं नसतं. सगळे पुरुष गावात पत्ते कुटत बसलेले असतात ते उगीच नाही. पण नवनाथ पडला नाशिकच्या बाजूचा. त्याने टेम्पो पुलाजवळ लावला, चप्पल हातात घेतली आणि वाळूतून चालत नदीच्या बरोबर मधे जाऊन उभा राहिला.

दोन्ही काठांवरची गाणी तिथेच थांबली. एका काठावर नऊवारी, पाचवारी, नव्या साड्या नेसलेल्या बायकांची भिंत, त्यात त्याची आई. दुसऱ्या काठावर तशीच भिंत, त्यात तेजल आणि तिची आई नवसाबाई. मधे नवनाथ, हातात चप्पल.

नवसाबाईनेच तोंड उघडलं. "आते सांगा जवाई, तुम्ही कोना साईडना शेतस?"

जावई कोणाच्या साईडचे आहेत, असं ती तिच्या अहिराणीत विचारत होती. साईड हा शब्द इथवर पोचला होता, म्हणजे ओसरीचं प्रकरण दोन्ही गावांना ठाऊक होतं. नवनाथने आईकडे बघितलं, तेजलकडे बघितलं, घसा साफ केला आणि आयुष्यभर ज्याने त्याला तारलं होतं ते वाक्य म्हणून टाकलं. "दोघींचंही बरोबर हाय."

पहिलं ढेकूळ कुठल्या काठावरून आलं ते त्याला कळलं नाही. दुसरं नक्की दुसऱ्या काठावरून आलं. मग दोन्हीकडून गाणं उठलं, आणि त्या नदीवर कधी घडलं नव्हतं ते घडलं. दोन्ही गावं एकाच माणसाला शिव्या घालू लागली. हा ना इकडचा ना तिकडचा, याला जेवायला वाढा नदीत, याचं अंथरूण घाला पुलाखाली. एका काठाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. नवनाथ चपलांनी डोकं झाकून उभा. सगळ्यात वरचे दोन आवाज त्याला ओळखू येत होते. इकडून आई, तिकडून तेजल, आणि सूर असा लागला होता, की घरात त्या दोघी एवढ्या एकमताने कधी बोलल्याच नव्हत्या.

मग सगुणाबाईने हात वर केला. बायका थांबल्या. ती काठ उतरून चार पावलं वाळूत आली आणि गाणं सोडून साधं बोलली.

"नवनाथ, तुझ्या बापाला मी एकदाच इचारलं व्हतं. सासूसमोर. मपलं बरोबर का तिचं, एवढंच. तो म्हनला, दोघींचंही बरोबर हाय. त्या दिवसापासून मी त्याला काई इचारलं नाय. तो मरेपर्यंत नाय."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"मपल्या साईडनं बोल, नायतर तिच्या. पन बोल. नायतर ती बी तुला इचारायचं बंद करील, आन् तुला कळनार बी नाय."

नवनाथने तेजलकडे पाहिलं. तिच्या हातात ढेकूळ तसंच होतं, आणि ती रडेल की फेकेल ते तिचं तिलाच ठरत नव्हतं. तिने विचारायचं बंद केलंच होतं. कधीपासून, ते त्याला आत्ता मोजता आलं असतं. त्याला एकदम भीती वाटली, द्वारकेच्या चौकात कधी वाटली नव्हती इतकी. आणि त्या भीतीतच त्याच्या तोंडून शब्द निघाले, ते त्याला स्वतःलाच परके वाटले.

"आई, तुझं चुकतंय. जुड्या मागच्या अंगनात बी बांधता येतील, मी तिथं छप्पर घालून देतो. मशीनला उजेड लागतो. ओसरी तेजलला पायजे."

बोलून झाल्यावर त्याने डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले. आई त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता, खोटं कशाला सांगा. ओसरी गेल्याचं तिला लागलं होतं, आणि पोटच्या पोराने चारचौघांत चुकतंय म्हटल्याचं त्याहून जास्त. ती वळली, आपल्या काठावर चढली, पदर खोचला. नवनाथ वाळूतून निघाला तो थेट तेजलच्या काठाकडे. वर चढायला तेजलने हात दिला. तिचा हात मातीने भरला होता.

तो वर पोचतो न पोचतो तोच पाठीत मधोमध एक ढेकूळ येऊन फुटलं. त्याने वळून पाहिलं. सगुणाबाईने दुसरं उचललं होतं आणि ती गाऊ लागली होती. पलीकडच्यांनी माझा लेक पळवला, बैलासारखा दावं लावून नेला, असं काहीतरी ती मोठ्याने म्हणत होती आणि तिच्या मागे सगळा काठ. नवनाथच्या बाजूच्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. गाण्याला उत्तर द्यायचं असतं, आणि तो आता त्यांच्यातला होता.

त्याला गाता येत नव्हतं. तरी तेजलने एक ओळ सांगितली आणि तो ओरडला. आईच्या माहेरच्या पोळ्या जाड असतात, असं त्याने सगळ्या नदीला ऐकवलं. समोर सगुणाबाईने ते ऐकलं. तिने पदराने डोळे पुसले, मग कमरेवर हात ठेवला आणि असं खणखणीत उत्तर दिलं, की नवसाबाईसुद्धा वा म्हणाली. नवनाथ पुढच्या ओळीसाठी तेजलकडे वळला. पलीकडे आई त्याच्या उत्तराची वाट बघत उभी होती.