खिशातली बटणांची डबी

मित्रांनो, पत्र्याची म्हणून मला बघून नाक मुरडू नका. मी एका शिंप्याच्या घरातली जुनी बटणांची डबी आहे. झाकण असं घट्ट की मुंगीची आत शिरायची टाप नाही. शिंप्याच्या बायकोने नवी सून असताना मला बाजारातून आणलं. "बटणं सांडत बसू नका, हिच्यात ठेवा," तिने नवऱ्याला बजावलं. त्याने ठेवला गांजा.

तेव्हा तो विशी-बाविशीचा. मित्र जमायचे, मी हातोहात फिरायचे, नुसतं खिदळणं. त्यातला काजं करणारा मात्र पुढे भिंतीशी बोलू लागला. कोवळ्या वयातलं डोकं म्हणजे कच्चा टाका, ओढला की उसवतो. बाकीचे संसाराला लागले नि सुटले. आमच्या शिंप्याने मित्र सोडले, मला नाही सोडलं.

चाळिशीत तो दुकानामागे एकटाच बसू लागला. हसणं संपलं. रोज संध्याकाळी एक झाकणभर गांजा, शीण उतरवायला. एका सदऱ्याला त्याने दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

"गिऱ्हाइकाला दोन उजवे हात आहेत का हो?" बायकोने विचारलं. त्याने ते हसण्यावारी नेलं. आणि कुणाला संशय नको म्हणून माझ्यात दोन बटणं टाकून ठेवली. शिंप्याच्या खिशात डबी वाजली, तर कोण विचारणार?

आता तो सत्तरीला टेकलाय. गुडघे ठणकतात, झोप लागत नाही, म्हणून अजूनही तेच एक झाकण. त्यावर रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी. माल पूर्वीपेक्षा जहाल, अंग पूर्वीपेक्षा जीर्ण. आज खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली नि तो शिलाई मशीनवर कोसळला. कपाळ फुटलं.

बायकोने दवाखान्यात नेलं. मी त्याच्या छातीवरच्या खिशात.

"गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?" डॉक्टरीणबाईंनी कानातली तपासायची नळी बाजूला ठेवत विचारलं.

"छे."

"मी सांगते ना," बायको ठसक्यात म्हणाली, "अख्ख्या संसारात यांनी विडीला हात लावला नाही."

"मग खिशात काय वाजतंय?"

"बटणं," दोघं एकदम म्हणाले.

माझ्या पत्र्याखाली त्याचं काळीज धडपडत होतं. दोन टाके सरळ, एक चुकलेला. ते कशामुळे, हे मला एकटीलाच कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी झोपेची नवी गोळी लिहून दिली.

घरी येऊन त्याने ती गिळली आणि आता माझ्या झाकणाला हात घातलाय. हाच माणूस दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो, "जुनं माप चालायचं नाही, अंग बदलतं, नव्याने घेऊ." स्वतःचं माप मात्र विशीतलंच. शेजारच्या खोलीत बायको त्याच्या कपाळावर बदलायला नवी पट्टी कापतेय. मी झाकण आवळून धरलंय, पण पत्र्याचं बळ ते किती?

मित्रांनो, तुमच्या घरात अशी डबी वाजत असेल तर "बटणं असतील" म्हणून गप्प राहू नका. चारचौघांत अब्रू काढू नका, पण जवळ बसा, उघडून बघा, डॉक्टरांना खरं सांगायला लावा. वय कुठलंही असो.

बाई, ती कात्री खाली ठेव. इकडे ये. तू आणलीस ती बटणांची डबी मी कधी झालेच नाही गं. मला उघड.