टोपी घातलेला पृथ्वीगोल

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या पोकळ चेंडूवर रंगीत कागद चिकटवून मला घडवलं. शिंपीमास्तरांनी आपल्या लेकीसाठी, चिमीसाठी, मला घरी आणलं, तेव्हा माझा थाट काही विचारू नका! चिमीने आठवडाभरातच मला जिन्यावरून पाडलं आणि माझ्या समुद्रात एक खड्डा पडला. ती मोठी झाल्यावर माझी रवानगी दुकानातल्या कपाटावर झाली. मास्तर माझ्यावर शिवलेल्या टोप्या अडकवू लागले. मला फार लाज वाटे.

मग चिमीला पश्चिमेकडच्या दूरच्या शहरात नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी मास्तरांनी मला खाली काढलं आणि गळ्यातली टेप माझ्या पोटावरून आपल्या गावापासून तिच्या शहरापर्यंत लावली.

"बाहीपेक्षा कमीच भरतंय की गं," ते बायकोला म्हणाले. विमान सकाळी आठला सुटणार, दोनला पोचणार, असं तिकिटावर होतं. मास्तरांनी बोटांवर मोजलं. "सहा तास. दोन वाजता फोन येतोय बघ."

दोन वाजले. चार वाजले. फोन नाही. मास्तरांनी एक बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं. चिमीच्या आईने मला मांडीवर घेतलं. टेपच्या वाटेने फिरणारं तिचं बोट नेमकं त्या खड्ड्यात गेलं.

"अहो, इथं सगळं पाणीच आहे हो!"

तिकडचं घड्याळ इथल्या घड्याळाच्या मागे चालतं, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे? आणि खरं सांगतो, मलाही भीती वाटत होती. आभाळात काय घडतं ते मला काय कळणार?

चिमीची आई मला घेऊन खिडकीत बसली. सूर्य मावळतीला आला होता. तिरपं ऊन माझ्या अंगावर पडलं. आपलं गाव उजेडाच्या अगदी काठावर होतं. तिने चिमीचं शहर शोधलं आणि ती एकदम ओरडली.

"अहो, इकडे या! आपल्याकडे दिवस बुडतोय, पण तिच्या गावावर अजून भरपूर ऊन आहे. तिकिटावरचे दोन तिथले, ते अजून वाजायचेच आहेत!"

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. तरी दोघांपैकी कुणी फोनवरची नजर काढेना. दिवे लागले तेव्हा तो वाजला.

"आई, पोचले गं. इथं काय ऊन आहे!"

आई हमसून हमसून रडली.

आता मी खिडकीत असतो. फोनला उशीर झाला की आई मला उन्हात धरते. तिचं बोट फिरून फिरून चिमीच्या शहराचं नाव पुसट झालं आहे. ते पार पुसलं गेलं तर तिने लेकीला कुठे शोधायचं, ही भीती मला दिवसरात्र छळते. मित्रांनो, तुमच्या घरातला पृथ्वीगोल अडगळीत टाकू नका, त्याच्यावरची धूळ हलक्या हाताने पुसा. त्याच्यावर कुणाचं तरी माणूस राहत असतं.