नव्या पिस्टनचा पहिला तास

मेहुणा गॅरेजपुढे टेम्पोतून उतरला तेव्हा मिस्त्रीने हातातला पाना खालीसुद्धा ठेवला नाही. दोघांचं बोलणं पाच महिने बंद होतं.

मागच्या हंगामात, मेहुणा उडीच्या तोंडाशी असताना त्याच्या मातीतल्या शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन एकाएकी जाम झालं. मागचं चाक जागीच अडलं आणि तो खांद्यावर आपटून गळ्याजवळचं हाड मोडून बसला. इंजिन बांधलं होतं मिस्त्रीने. तेव्हापासून मेहुणा भेटेल त्याला सांगत सुटला, की दाजींचं इंजिन म्हणजे जिवाशी खेळ. मिस्त्रीही काही कमी नव्हता. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला जो विसरतो त्याने गाडीवर बसूच नये, नाचता येईना अंगण वाकडं, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

तेच इंजिन पुन्हा त्याच्याच हाती आलं ते बायकोमुळे. ती गॅरेजच्या पुढच्या भागात सीटची कव्हरं शिवायची. एके दिवशी ती भावाची गाडी स्वतःच घेऊन आली आणि म्हणाली, "हे बांधा. मग काय ते एकदाचं कळू दे."

मिस्त्रीने सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. आज इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं आणि त्याची अट होती, मेहुण्याने समोर हजर राहायचं.

"ऑइल तू मोजायचं," मिस्त्री म्हणाला. "लिटरला तीस मिली. मोठ्याने बोलून ओत. तुझ्या बहिणीला ऐकू गेलं पाहिजे."

मेहुण्याने माप उजेडात धरलं. "तीस. वाचता येतं मला."

"मागच्या वेळी येत नव्हतं वाटतं."

शिलाई मशीनचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

तिसऱ्या किकला इंजिन पेटलं. निळसर धूर दारापर्यंत गेला. सिलिंडर तापला तसं मिस्त्रीने ते बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिला. मेहुणा हेल्मेट घालून तयारच होता.

"एक चक्कर मारून येतो."

"हात लावायचा नाही. पूर्ण गार होईल, मग परत तापवायचं. असं तीनदा. पिस्टन आणि सिलिंडरची अजून ओळख व्हायची आहे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग."

"तुमची-माझी ओळख तर बारा वर्षांची," मेहुणा म्हणाला. "तिचा काय उपयोग झाला?"

तिन्ही वेळा तापवून-गार करून झालं तेव्हा दुपार कलली होती. मग गाडी मागच्या बंद पडलेल्या खाणीत नेली. अर्ध्यापेक्षा जास्त अॅक्सिलरेटर नाही, एकाच वेगावर रेंगाळणं नाही, पिळायचा आणि सोडायचा, मिस्त्रीने बजावलं. मेहुण्याने शब्दन्‌शब्द पाळला. आपल्यात खोड म्हणून सापडू द्यायची नाही, या इरेलाच तो पेटला होता. मिस्त्री खडीवर उभा राहून कान देत होता, तोही खोड सापडावी म्हणूनच.

सापडली. मेहुण्याने अॅक्सिलरेटर सोडला, पण इंजिनाचा आवाज खाली आलाच नाही. वरच्या वर लोंबकळत राहिला आणि मग नाइलाजाने उतरल्यासारखा उतरला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

मिस्त्रीने हात वर करून गाडी थांबवली. प्लग काढला. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं हवं, ते कागदासारखं पांढरं पडलं होतं. त्याने प्लग परत बसवला, मॅग्नेटचं झाकण खोललं, इंजिन सुरू केलं आणि मागच्या बाजूला कार्ब्युरेटर क्लीनर फवारला. आवाज तिथल्या तिथे बदलला. क्रँकच्या टोकावरचं रबरी सील बाहेरची हवा आत ओढत होतं. हवा जास्त झाली की इंजिन भाजून निघतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, मग ऑइल कितीही घाला.

ते सील त्याने या वेळी बदललं नव्हतं. मागच्या वेळीही नाही. पुसून पाहिलं होतं, बरं वाटलं होतं.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं.

"कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागेल. चल आत."

मेहुणा मुकाट्याने गाडी ढकलू लागला. दहा-बारा पावलांवर मिस्त्री थांबला.

"जेट नाही," तो म्हणाला. "सील गेलंय. तेव्हाही हेच गेलं होतं. तुझं ऑइल बरोबर होतं."

मेहुण्याने गाडी स्टँडला लावली.

"पाच महिने," तो म्हणाला. "तुम्ही इतक्या छातीठोकपणे सांगत होता, की मलाच वाटायला लागलं होतं, विसरलो असेन. हाडाचं सोडा. मी स्वतःला खोटा समजत होतो, दाजी."

मिस्त्रीने हातातला पाना सीटवर ठेवला.

"रविवारी शर्यतीच्या मैदानावर सांगायचं. सगळ्यांसमोर."

"सांगतो."

"आणि सील मी बसवणार. तुम्ही बाजूला उभं राहायचं."

स्वतःच्याच गॅरेजात मिस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. सील जरा तिरकं जात होतं. "डावीकडून दाब," तो न राहवून म्हणाला. "गप्प राहा," मेहुणा म्हणाला, पण दाबलं डावीकडूनच.

रविवारी पाण्याच्या टँकरपाशी सगळे जमले असताना मिस्त्रीने दोन वाक्यांत सांगून टाकलं. कोणी हसलं, कोणी मान फिरवली. एका जुन्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी आपली गाडी उचलून नेली. मेहुणा शर्यतीत चौथा आला. इंजिन शेवटपर्यंत चाललं. त्याने गाडी टेम्पोत चढवली आणि मिस्त्रीकडे न बघता निघून गेला.

मिस्त्री गॅरेजात परतला तेव्हा बायको सीटला टाके घालत होती.

"सांगितलं एकदाचं," तो म्हणाला. "मोकळं वाटलं."

"तुम्हाला वाटलं असेल," ती मान वर न करता म्हणाली. "दवाखान्यात त्याचा हात गळ्यात बांधला होता, तेव्हा मी त्याला म्हणाले होते, ऑइल घालायला काय धाड भरली होती तुला. तुमच्या शब्दावर म्हणाले होते."

तिने दाताने दोरा तोडला आणि सुईत नवा दोरा ओवला.